शत्रूला दिसत नाहीत

पेंबा बेटावरच्या समुद्रकाकडी या सागरी जिवाच्या पैदास केंद्रात गाळणीचं फडकं फाटलं आणि समुद्रातल्या किड्यांनी आत शिरून टाकीतल्या सगळ्या अळ्या फस्त केल्या. नेमके त्याच सकाळी तपासणीचे साहेब हजर. टाकी सांभाळणाऱ्या बिकोंबोची नोकरी आता तिच्या जिभेवर होती.

"टाकी रिकामी दिसतेय गं!"

"अळ्या काचेसारख्या असतात, साहेब. शत्रूला दिसत नाहीत."

"मी शत्रू आहे का?"

"छे! तुम्हाला दिसतीलच की."

साहेबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. "अबब, केवढ्या या! अर्ध्या माझ्या मेहुण्याच्या टाकीत पाठव."

बिकोंबोने दोन बादल्या पाणी जपून पाठवलं.

आठवड्याने मेहुण्याचा निरोप आला, "ताई, अळ्या भारीच खादाड निघाल्या. केंद्रातून खाद्याची आणखी दोन पोती धाडा."