हाच तो

"हा दौलत नव्हेच," पोलिंग एजंट खुर्चीतूनच म्हणाला. "दौलतच्या मिशा इतक्या दांडग्या, की चिमण्यांनी त्यात दोनदा अंडी घातली होती."

ओळखपत्रावरच्या फोटोत त्या मिशा होत्या. समोर उभा होता तो सात वर्षं तुरुंगात काढून आलेला, काटकुळा, सफाचट दौलत. शिक्षा भोगून सुटलेल्याला मत देता येतं, याची त्यानं दहा जणांना विचारून खात्री करून घेतली होती. पण आपण दौलतच आहोत, हे आता कोण सांगणार? दारातल्या रांगेला एकाएकी भिंतीवरचे तक्ते वाचायची गोडी लागली.

"याला कोणी ओळखतं का?" केंद्राध्यक्षांनी विचारलं.

"मी ओळखते की," मागून हौसाक्का म्हणाली.

दौलतनं ओळखपत्र परत घ्यायला हात पुढं केला. बांधाच्या भांडणात त्यानं तिच्या नवऱ्याचा पाय मोडला होता, आणि कोर्टात तिनंच त्याच्याकडं बोट दाखवलं होतं.

"जज्जसाहेबांपुढं शपथ घेऊन ओळखलाय. हाच तो. मिशा काय, मुंडकं बदलून आला तरी ओळखीन."

बोटाला शाई लागली. मत पडलं. बाहेर दौलत तिची वाट बघत थांबला आणि ती येताच वाकला.

"पाया मागनं पड. आमचे हे टेम्पोत बसून आहेत, त्यांना आत कोण नेणार?"

देवाची पालखी उचलावी तसं दौलतनं त्यांना पाठीवर घेतलं. पायऱ्या चढताना म्हातारा त्याच्या कानाशी पुटपुटला, "जपून रे बाबा. दुसरा पाय अजून शाबूत आहे."