घरचं माप

“इथे तर अगदी छान आहे,” दंडाचा पट्टा सोडवत डॉक्टर म्हणाल्या. “काकू, माझ्यापेक्षा तुमचं बीपी बरं आहे.”

शिवणवाल्या काकूंना याचा काही आनंद झालेला दिसला नाही. त्यांनी पिशवीतून घरचं मशीन काढून टेबलावर ठेवलं आणि बटण दाबून साठवलेले आकडे एकेक करून दाखवले. डॉक्टर पुढे झुकल्या. एकही आकडा धड नव्हता. शेवटचा तर असा होता, की बघणाऱ्याने आधी खुर्ची पुढे करावी.

“मशीन बिघडलंय.”

“लावून बघा.”

डॉक्टरांनी तेच मशीन त्यांच्या दंडाला लावलं. आकडा पुन्हा छान. म्हणजे मशीन चांगलं होतं.

“घरीच चढतं,” काकू म्हणाल्या.

“त्रास काय होतो?”

“सकाळी डोकं जड असतं. जिना चढला की धाप लागते. चिडचिड फार.”

स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलताना या वयाच्या बायका ‘मला’ म्हणायलासुद्धा संकोचतात, हे डॉक्टरांना अनुभवाने माहीत होतं.

“मीठ?”

“वरून घ्यायची सवय आहे. कितीही सांगा, सुटत नाही.”

“घराण्यात कुणाला बीपी?”

“मोठ्या दिरांना होतं. जेवता जेवता तोंड वाकडं झालं. वर्षभर अंथरुणाला खिळले आणि मग गेले.”

“दिरांचं तुमच्याकडे कसं येईल, काकू? त्याला रक्ताचं नातं लागतं.”

“हो, तेही खरंच.”

“घरात काही त्रास आहे का?” डॉक्टरांनी आवाज खाली आणला.

“घरातच तर आहे,” काकू म्हणाल्या.

बाहेर हशा पिकला होता. काकूंचे यजमान बाकावर बसून इतर पेशंटना ऐकवत होते, “डॉक्टरकडे जायची एकदा चटक लागली, की आजार आपणहून पत्ता विचारत येतात.” ते वायरमन होते. नोकरी संपली तरी सगळे त्यांना वायरमनच म्हणत. काकूंना स्कूटरवरून तेच आणत आणि तेच नेत.

डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. “काका, आलाच आहात तर तुमचंही बघू का?”

“नको नको.” ते दाराच्या आत पाऊल टाकेनात. “आमचं वायरिंग जुनं आहे, पण चालू आहे. उघडून बघितलं की बिघडतं. तुम्ही हिचं बघा. हल्ली सारखी डॉक्टर डॉक्टर करते.”

काकू खाली बघत राहिल्या. बीपी घरी का चढतं, याचं उत्तर डॉक्टरांना दारातच उभं असलेलं दिसलं.

काहींचं बीपी डॉक्टरांना बघून वाढतं. काकूंचं उलटं होतं. इथे शांत, घरी अस्वस्थ. असे पेशंट सहसा सापडत नाहीत, कारण तपासणीत सगळं ठीक दिसतं आणि डॉक्टर त्यांना घरी पाठवून देतात. डॉक्टरांनी तसं केलं नाही. हृदयाचा आलेख काढला, रक्त-लघवी तपासली. सगळं चांगलं आलं. तरीही घरच्या आकड्यांवर भरवसा ठेवून त्यांनी गोळी लिहून दिली.

काकू सांगितलेल्या दिवशी हजर राहत. वाद घालत नसत, दुसऱ्या डॉक्टरचं मत आणत नसत, शेजारणीचं औषध सांगत नसत.

“गोळी चुकत नाही ना?”

“एक दिवस नाही. मी स्वतः काढते, माझ्या हाताने.”

घरचे आकडे उतरू लागले. डोकं जड होणं थांबलं. चिडचिडही कमी आहे, असं काकूंनी सांगितलं. दवाखान्यातलं माप मात्र होतं तिथेच राहिलं. ते गोळीने थोडं तरी खाली यायला हवं होतं, असं डॉक्टरांच्या मनात येऊन गेलं, पण इतका सरळ पेशंट समोर असताना त्यांनी ती शंका झटकून टाकली. उलट एका मित्राला त्यांनी हे सगळं फोनवर रंगवून सांगितलं. “आकडे नाही, माणूस ऐकावा लागतो,” असंही म्हणाल्या.

पुढच्या खेपेला काकू जरा काळजीत दिसल्या.

“खोकला लागलाय. कोरडा. चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत.”

डॉक्टरांनी छाती तपासली, पाठ तपासली. “जोरात श्वास घ्या. सोडा. आता खोका बरं.”

काकूंनी खोकून दाखवलं. पाहुण्यांसमोर घसा साफ करावा, तसं.

“छाती स्वच्छ आहे. तुमच्या गोळीने काहींना असा कोरडा खोकला येतो. गोळी बदलली की जातो, घाबरू नका.” डॉक्टर थांबल्या. “पण काकू, तुम्ही इतका वेळ बोलताय. एकदाही खोकला आला नाही.”



बाहेर वायरमन कुणाला तरी डॉक्टर लोकांचा किस्सा सांगत होते. तो अर्ध्यावरच तुटला. कोरड्या खोकल्याची उबळ आली, थांबेना. कुणीतरी पाणी आणायला धावलं. जरा वेळाने वायरमननी किस्सा पुन्हा सुरू केला, आणि पुन्हा उबळ आली.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. मग काकूंकडे.

“हा असा येतो,” काकू खालच्या आवाजात म्हणाल्या. “पट्टा मी ते गाढ झोपले की लावते. दुसरी गोळी द्या. फक्त कडू नको, आणि चहात विरघळली पाहिजे.”