भूल देणाऱ्याचं नाव

ऑपरेशनला न्यायच्या आधी भूल देणाऱ्या मॅडम वच्छलाबाईंच्या कॉटपाशी आल्या. पस्तिशीच्या असतील, हातात अजून हेल्मेट. त्यांनी तोंड उघडायला लावलं, मान मागे करून बघितली, कवळी नाही ना, ते विचारलं. वच्छलाबाईंचं लक्ष नव्हतं. पित्ताच्या पिशवीतले खडे काढायला त्या शिंदखेड्याहून धुळ्याला आल्या होत्या आणि चिरफाडीची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती त्या औषधाच्या झोपेची.

“जागी व्हसू ना मी?” त्यांनी मॅडमचं मनगटच धरलं.

मॅडम इतका वेळ दवाखान्यातलं मराठी बोलत होत्या. त्या सरळ अहिराणीवर आल्या आणि सगळं होईपर्यंत थांबायचा शब्द दिला. “व्हशात ना, माय. बठ्ठं व्हई जास तवलोंग मी तुमना उशाशीच शे. कोठेच जात नही.”

वच्छलाबाईंनी मनगट काही सोडलं नाही. स्ट्रेचर आत गेलं, तशा मॅडमही त्याच्याबरोबर आत गेल्या.

योगेंद्र बाहेर बाकावर बसला. वच्छलाबाईंचा हा एकुलता एक मुलगा, नुकताच एमबीबीएस झालेला. मोबाइल वाजला. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशाचा, दुसऱ्या फेरीचा निकाल लागला होता.

पहिल्या फेरीत त्याला धुळ्यातच भूलशास्त्राची जागा मिळाली होती. घरी सांगितलं तेव्हा वच्छलाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या होत्या, “भूल देनारा डॉक्टर? त्यानं नाव तरी कोन लेस?” चुकीचं नव्हतं. गुडघा बदलून आलेला माणूस गावात उठता-बसता हाडांच्या डॉक्टरचं नाव घेतो. योगेंद्रला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायला तो टपलेलाच होता. त्यानं जुन्या वर्षांचे आकडे काढले, भूलशास्त्राच्या जागा शेवटच्या फेरीपर्यंत कशा पडून राहतात ते मित्रांना दाखवलं, आणि हातातली जागा सोडून दिली. भूल कधीही मिळेल, असं आईलाही सांगून ठेवलं. वर म्हणाला, “हाडं मिळाली तर सोनं. नाहीतर भूल कुठे पळून जाते?”

ती पळून गेली होती. धुळ्याची ती जागा त्याच्यापेक्षा वरच्या नंबरच्या कुणीतरी मागून घेतली होती. जळगावचीही गेली होती. हाडांचा तर प्रश्नच नव्हता. त्याच्या नावापुढे, कुठेही प्रवेश नाही, एवढंच लिहिलेलं होतं. त्यानं पान पुन्हा उघडून पाहिलं, जणू मधल्या वेळात कुणाला त्याची दया आली असेल. स्वतःच्या त्या शहाणपणाची त्याला इतकी लाज वाटली की शेजारी बसलेल्या माणसाला दिसू नये म्हणून त्यानं मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला.

दार उघडलं आणि मॅडम बाहेर आल्या. “छान जाग्या झाल्या आई. आता खोलीत आणतील.” हेल्मेट घालता घालता थांबल्या. “तुम्हीही डॉक्टर ना? आत जाताना सांगत होत्या. कशासाठी प्रयत्न करताय?”

“हाडांसाठी.”

“पसंतीच्या यादीत भूल नाही टाकली?”

“टाकलीय. खाली.”

मॅडम हसल्या. “अहो, आता खाली टाकून मिळते होय? आमच्या वेळी बोलावून देत होते. आता प्रत्येक दवाखान्याला आमची गरज पडते, पोरांना कळलंय ते.” घड्याळ बघितलं. “चला, देवपूरच्या दवाखान्यात एक सिझर थांबलंय.” आणि त्या जिना उतरून गेल्या.

वच्छलाबाईंना खोलीत आणलं. ओठ कोरडे पडले होते, पण डोळे उघडे होते. योगेंद्रनं हात हातात घेतला, तर त्या त्याच्या मागे बघायला लागल्या.

“ती पोर कोठे शे?”

“गई ती, माय. दुसरा दवाखानामा काम व्हतं.”

“डोया उघडा तं उशाशी तीच व्हती. खोटं नही बोलनी.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “तिनं नाव काय रे?”

योगेंद्रनं विचारलंच नव्हतं. त्यानं दाराकडे बघितलं. दाराशेजारच्या पाटीवर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाव होतं, पदव्यांसकट. सलाइन लावत असलेल्या मंदाबाई सिस्टरना त्यानं विचारलं.

“भूलवाल्या मॅडम ना?” मंदाबाई आठवायला लागल्या. “नाव... थांबा हं. नेहमी येतात, पण आम्ही सगळे भूलवाल्या मॅडमच म्हणतो.”

“आसं कसं?” वच्छलाबाईंचा आवाज फुटत नव्हता, तरी राग कळला. “माणूसले नाव ऱ्हास ना!”

मंदाबाई ओशाळून हसल्या आणि निघून गेल्या. वच्छलाबाईंनी डोळे मिटले. झोपल्या असं वाटत असतानाच पुन्हा बोलल्या.

“योगी, ती भूलनी जागा लई ले.”

त्यानं आईच्या अंगावरची चादर नीट केली.

“मी बोलनू ते इसरी जाय. कोनी नही लिधं तरी तुनं नाव मी लेसू.”

तो निकाल मोबाइलमध्ये, खिशातच राहिला. योगेंद्रनं स्टूल ओढलं आणि तो आईच्या उशाशी बसला.