नातीचं नाव

"ही पोरगी कोणाची गं?" बळवंतराव शेवड्यांनी सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

"तुमची नात! शर्वाणी!" इंजेक्शन भरता भरता त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई कडाडल्या. मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

दोन वर्षांपूर्वी बळवंतरावांच्या मेंदूत झपाट्याने पसरणारी गाठ निघाली होती. तिच्या पेशी आपल्या आतला प्रथिनांचा सांगाडा हलवत पुढे सरपटत होत्या. रोजच्या इंजेक्शनने तो सांगाडा गोठला आणि गाठ जागीच थांबली. पण नवी आठवण धरायला मेंदूलाही तोच सांगाडा हलवावा लागतो. नात वर्षाची झाली, तरी आजोबांना ती रोज परकीच. कुमुदिनीबाईंनी आजही त्यांना हे सगळं पुन्हा समजावून सांगितलं.

"औषध बंद केलं, तर हिचं नाव माझ्या लक्षात राहील?"

"राहील. पण गाठ पुन्हा पसरेल. डॉक्टर म्हणाले, फार तर चार महिने."

"चालतील. बंद कर."

गेलं वर्षभर ते रोज हेच म्हणत होते आणि तासाभरात विसरत होते. कुमुदिनीबाईंनी संतापाने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. हा निर्णय रोज एकटीनेच का घ्यायचा?

"उद्यापासून नक्की बंद करू," त्या कालच्यासारखंच म्हणाल्या.

बळवंतरावांनी विश्वासाने दंड पुढे केला.