ओलं गोणपाट

धुळ्याच्या वकिलाचं पत्र येऊन महिना झाला, तरी गिरधर सरांनी उत्तर दिलं नव्हतं. साक्रीकडच्या आश्रमशाळेत त्यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या सिंगा या तरुणावर भावाच्या खुनाचा खटला होता. "झोपेत घडलं, मला शुद्ध नव्हती," तो सांगे; पण पूर्वीपासून झोपेत चालत असल्याचा पुरावा न्यायालय मागत होतं, आणि सिंगाच्या या वकिलाला तो सरांकडून लेखी हवा होता. चालायचा ना! थंड लागून जाग यावी म्हणून सरच त्याच्या अंथरुणापाशी ओलं गोणपाट पसरत. मात्र पोराला घरी धाडतील या भीतीनं वसतिगृहाच्या वहीत नोंद केली नव्हती. "कोर्टात मला खोटं पाडतील," ते पुटपुटले. "पाडू द्या की!" पत्नी फणकारली. "फासावर तुम्ही जाणार आहात का?" सरांनी गोणपाटाचं, नोंद टाळल्याचं लिहिलं, खुनाच्या रात्रीचं माहीत नाही, हेही लिहिलं. पुन्हा वाचलं तर धीर सुटेल, म्हणून पाकीट चिकटवून घराजवळच्या, पिंप्राळ्याच्या टपालपेटीत टाकलं.