सांध्यांना ग्रीस

पोकलेनच्या सांध्यांना रोज कामाआधी ग्रीस मारायचं, हा बाबांचा नेम. वर आलेलं ग्रीस ते अंगठ्याने आडवं पुसायचे. ते वारल्यावर मशीन त्यांच्या लेकीने चालवायला घेतलं. आता खोटं बोलत असेन तर माझीच हाडं गंजोत, पण रोज सकाळी तिला सगळे सांधे ग्रीस मारलेले सापडायचे. प्रत्येकावर अंगठ्याची आडवी रेघ.

"काका, हे तुम्ही करता?" तिने वॉचमनला विचारलं.

"माझी सायकल वर्षभर कुरकुरतेय, बाई. तिला तेल घालत नाही, तर तुझ्या धुडाला घालणार?"

शेवटी एका संध्याकाळी तिने ग्रीसगन घरीच आणली आणि स्वतःच्या पलंगाखाली ठेवली.

आई हसली. "माझ्या गुडघ्यांना मार. जिना चढते तेव्हा शेजारी जागे होतात. तुझे बाबा म्हणायचे, एकदा तुलाही मारतो."

"मग?"

"त्यांना मशीनपासून सवड कुठे होती?"

सकाळी लेक उठली, तर आई दूध घेऊन दारात उभी. जिन्यावर कुरकुर अशी ऐकूच आली नव्हती.

"आज दुखतच नाही गं," म्हणत आई खुर्चीत बसली, तसा तिचा गाऊन जरा वर सरकला.

दोन्ही गुडघ्यांवर ग्रीसची आडवी रेघ होती, अगदी हलक्या हाताने ओढलेली.