खंडेनवमीचं नारळपाणी

"मामंजी, आता तरी हे मशीन बदला," मंजुश्री म्हणली.

समोर गुणाबाई निराधार योजनेच्या पगारीसाठी अंगठा दाबून दाबून थकली व्हती. कॉम्प्युटर एकच सांगत व्हता, हे व्हर्जन जुनं झालं.

जळकोटात शिवप्पा अन् त्यांची सून मंजुश्री मिळून ऑनलाइन सेंटर चालवायचे. त्यांचा कॉम्प्युटर असा, की चालू करून माणसानं देगलूरच्या बाजारातून मिरच्या आणाव्यात, निवडाव्यात, कांडाव्यात, तरी पडद्यावर आपलं गोल गोल फिरतंच हाय.

दुरुस्तीवाल्या व्यंकटीनं साफ सांगितलेलं, "कंपनीनं ह्याचे अपडेट बंद केले, काका. व्हायरस आला तर अडवायला कुणी न्हाई. सरकारी साइट उघडंना, अंगठ्याचं यंत्र ह्याला वळखू येईना. अन् ह्याच्यातच नवं व्हर्जन घालाल तर जाग्यावर मरंल. मशीनच नवं घ्या."

"पेन ड्राइव्हात मावतं का ते व्हर्जन?" शिवप्पानं इचारलेलं.

"मावतं की. पण ह्याला पचायचं न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे. मी जिता हाय तवर हेच मशीन!" शिवप्पा साऱ्या बाजारात हेच सांगत फिरले.

गुणाबाई उठली. "जाते मी पलीकडच्या सेंटरात. माझा अंगठा झिजला, तुमचा डब्बा काही हलंना."

खंडेनवमीला मशीन पुसून पाटावर मांडलं. त्या दिवशी हत्यारं चालवत न्हाईत, म्हणून तेबी बंदच. शिवप्पानं नारळ सुनेच्या हातात दिला.

"तूच फोड. चार थेंब शिंपड."

सासऱ्यांची पाठ फिरली. मंजुश्रीनं सगळं पाणी डब्ब्याच्या फटीत वतलं.

दसऱ्यानंतर बटण दाबलं. काहीच पेटलं न्हाई.

"जुनंच व्हतं," ती खाली बघत म्हणली.

 शिवप्पानं दोन्ही वेळचं ताट तसंच सारलं. मग लातूरला जाऊन नवं मशीन घेऊन आले. गुणाबाईचा अंगठा एका दाबात उमटला. तिनं मशीनीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

मंजुश्रीला मात्र नव्या मशीनीवरची धूळबी पुसवंना. सासरे अजून अर्ध्या भाकरीवरच उठायचे. एक दिवस ताट वाढता वाढता तिला रडू फुटलं.

"मामंजी, पाप झालं माझ्या हातून. त्या दिवशी चार थेंब न्हाई, सगळं पाणी वतलं मी. मुद्दाम."

शिवप्पाचा घास हातातच ऱ्हायला. मान काही वर झाली न्हाई.

"आदल्या सांजंला मीच नवं व्हर्जन घालायला पेन ड्राइव्ह लावून बसलो व्हतो, पोरी. तवाच मेलं ते. बोल पाण्यावर जावा म्हणून तर नारळ तुझ्या हातात दिला."